ट्रान्स माणसं आणि फेडिव्हर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मास्टोडॉन या सोशल मीडियावर यावं का, कुठल्या सर्व्हरवर यावं, जुनं नाव मागे लागेल का, घरी कळेल का, हे नव्याने येणाऱ्या ट्रान्स मुलामुलींचे नेहमीचे प्रश्न. काही प्रश्न त्यांच्या आयाही विचारतात. मी स्वतः ट्रान्स बाई आहे आणि एका लहान सर्व्हरवर मॉडरेटर म्हणून, म्हणजे पोस्टवरच्या तक्रारी बघायचं, काम करते. तीच तीच उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी देण्यापेक्षा ती एकत्र असावीत म्हणून हे पान. माझी मतं जिथे ठाम आहेत तिथे ती तशीच ठेवली आहेत.

फेडिव्हर्स म्हणजे काय?

एका कंपनीच्या मालकीचा नसलेला सोशल मीडिया. हजारो सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा चालक वेगळा आणि नियम वेगळे. पण ते सगळे अ‍ॅक्टिव्हिटीपब या एकाच प्रोटोकॉलवर बोलतात. त्यामुळे जीमेलवरून याहूला मेल जातो, तसं एका सर्व्हरवरचं माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्याला फॉलो करू शकतं. ऑयगेन रोच्को यांनी २०१६ मध्ये जर्मनीतून आणलेलं मास्टोडॉन हे त्यातलं सर्वांत ओळखीचं सॉफ्टवेअर. लेमी चर्चेसाठी, पिक्सेलफेड फोटोंसाठी, पीअरट्यूब व्हिडिओंसाठी. ब्लूस्काय हा सोशल मीडिया आणि मॅट्रिक्स हे गप्पांचं जाळं, यांचे प्रोटोकॉल वेगळे आहेत. जिथे फरक पडतो तिथे त्यांच्याबद्दल खाली सांगितलं आहे.

इथे एवढी ट्रान्स माणसं कशी काय?

एक तर हे उभं करणाऱ्यांतच आपली माणसं होती. अ‍ॅक्टिव्हिटीपबला डब्ल्यूथ्रीसी या वेबचे मानक ठरवणाऱ्या संस्थेने २३ जानेवारी २०१८ रोजी अधिकृत शिफारस म्हणून मान्यता दिली. त्यावर ख्रिस्टीन लेमर-वेबर, जेसिका टॅलन, एरिन शेफर्ड, एमी गाय आणि इव्हान प्रोड्रोमू यांची नावं आहेत. या गटातले बहुतेक जण क्विअर होते आणि म्हणूनच नको असलेल्या संपर्कापासून बचाव कसा करायचा याचा विचार त्यात झाला, असं लेमर-वेबर यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. ज्यांना रस्त्यात कोणी अडवलंय त्यांनी रस्ता आखला की तो वेगळा होतो, हे मला मनापासून पटतं.

दुसरं कारण म्हणजे बाकीच्या ठिकाणांहून आपल्याला पुन्हा पुन्हा बाहेर काढलं गेलं. २०१४ मध्ये फेसबुकने खऱ्या नावाची सक्ती लावून सॅन फ्रान्सिस्कोतल्या ड्रॅग कलाकारांची अकाउंट बंद केली. मोठा विरोध झाल्यावर त्या ऑक्टोबरात कंपनीने माफी मागितली, पण नावाच्या पुराव्याची भीती तेव्हापासून मनात राहिली ती राहिलीच. डिसेंबर २०१८ मध्ये टंबलरने प्रौढ मजकुरावर बंदी आणली आणि त्या जाळ्यात कितीतरी साध्या ट्रान्स पोस्टही सापडल्या. ट्विटरने २०१८ मध्ये मुद्दाम चुकीच्या लिंगाने किंवा जुन्या नावाने हाक मारण्याला छळ मानलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये ती ओळ नियमांतून काढून टाकली. जानेवारी २०२५ मध्ये मेटाने नियम बदलले आणि लिंगओळखीवरून कोणाला मनोरुग्ण म्हणायला मोकळीक दिली.

भारतातून मास्टोडॉनकडे पहिली मोठी लाट आली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद झाल्यावर अनेक जण इकडे वळले. त्या लाटेचं मूळ ट्रान्स प्रश्नात नव्हतं, पण मास्टोडॉन हे नाव आपल्याकडे अनेकांनी पहिल्यांदा तेव्हाच ऐकलं.

म्हणजे इथे आपण सुरक्षित आहोत?

नाही. सॉफ्टवेअर खुलं आहे म्हणजे ते द्वेष करणाऱ्यांनाही खुलं आहे. जुलै २०१९ मध्ये अतिउजव्यांचं गॅब हे संकेतस्थळ मास्टोडॉनच्याच कोडवर येऊन बसलं. त्यांना कोणी थांबवू शकलं नाही, कारण थांबवणारं मुख्य कार्यालयच इथे नाही. पण शेकडो सर्व्हरच्या चालकांनी आपापली दारं लावून घेतली आणि गॅब एकटं पडलं.

अ‍ॅडमिनकडे, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याकडे, मुख्यतः दोन हत्यारं असतात. एखाद्या सर्व्हरला मर्यादित करायचं, म्हणजे तिथल्या पोस्ट फक्त त्यांना फॉलो करणाऱ्यांनाच दिसतात. नाहीतर पूर्ण तोडायचं. तोडल्यावरही तुमच्या सार्वजनिक पोस्ट तिथून वाचता येऊ शकतात. मास्टोडॉनमध्ये ते अडवणारी एक सेटिंग आहे, जिच्यामुळे पोस्ट मागणाऱ्या सर्व्हरला आधी आपली ओळख पटवावी लागते. ती अ‍ॅडमिनने चालू करावी लागते. तुमच्या सर्व्हरवर ती चालू आहे का, हे नक्की विचारा.

सर्व्हर कसा निवडू?

माझं सांगणं एवढंच, की सॉफ्टवेअर बघू नका, चालवणारी माणसं बघा. नवी मुलं मास्टोडॉन घ्यायचं की आणखी काही, कुठलं अ‍ॅप छान दिसतं, यातच अडकतात. तुमचा दिवस चांगला जाणार की वाईट, हे ठरवतो तो रात्री अकरा वाजता तुमचा रिपोर्ट उघडणारा माणूस.

नियमांचं पान पूर्ण वाचा. 'सभ्यपणे वागा' एवढंच लिहिलेलं असेल तर पुढे जा. ट्रान्सद्वेष, मुद्दाम जुन्या नावाने हाक मारणं, मुद्दाम चुकीच्या लिंगाने बोलणं, हे शब्दांनी लिहिलेलं हवं. सर्व्हरच्या माहितीच्या पानावर अनेक अ‍ॅडमिन तोडलेल्या सर्व्हरची यादी कारणांसह लावतात. ती यादी रिकामी असेल तर एक तर सर्व्हर अगदी नवा आहे, नाहीतर तिकडे कोणी लक्ष देत नाही.

मॉडरेटर किती आहेत? एकच असेल तर तो आजारी पडल्यावर काय? पैसे कोण भरतं? सर्व्हर कोणाच्या नावावर आहे? हे विचारायला लाजू नका. चांगला अ‍ॅडमिन या प्रश्नांनी खूश होतो.

हॅकीडर्मची गोष्ट यासाठी महत्त्वाची आहे. क्रिस नोव्हा या ट्रान्स इंजिनिअरने तो सर्व्हर घरच्या तळघरातल्या यंत्रांवर सुरू केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटर सोडून येणाऱ्या तंत्रज्ञांमुळे तो काही शेकड्यांवरून तीस हजारांवर गेला. तिने आणि सोबतच्यांनी तो तळघरातून बाहेर नेला आणि त्याच्यामागे एक संस्था उभी केली, निव्हनली फाउंडेशन. ऑगस्ट २०२३ मध्ये गिर्यारोहणाच्या अपघातात क्रिस गेली. हॅकीडर्म चालू राहिला. तिच्या जाण्याचं दुःख आजही आहे, पण तिने सगळं स्वतःच्या मुठीत ठेवलं नव्हतं म्हणून हजारोंची जागा टिकली. सर्व्हर निवडताना हे बघा.

आपल्याकडच्यांसाठी आणखी एक गोष्ट. इंग्रजी क्विअर सर्व्हरवर लिंगाबद्दलचे नियम उत्तम असतात, पण जातीवाचक शिवी त्यांना ओळखताही येत नाही. ट्रान्स मुलगी दलित असेल तर तिच्यावरचा हल्ला दोन्हीकडून येतो, आणि परदेशी मॉडरेटर त्यातला अर्धाच बघतो. तसंच गुरू, चेला, डेरा, जमात हे हिजडा समाजाचं जग तिथल्या बहुतेकांना माहीत नसतं. नियमांत जातीचा उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर घालायला सांगा. मी सांगून पाहिलं आहे, आणि ऐकणारे अ‍ॅडमिन भेटतात.

सर्व्हरच बंद पडला तर?

पडतात. मास्टोडॉन.लोल हा हजारो सदस्यांचा, एलजीबीटी लोकांचं स्वागत करणारा सर्व्हर होता. एका व्हिडिओ गेमवरून पेटलेल्या भांडणात अ‍ॅडमिनवर इतका द्वेष आला की त्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्व्हर बंद करत असल्याचं जाहीर केलं. निदान काही महिन्यांची मुदत तरी दिली.

क्विअर.एएफला ती मिळाली नाही. एएफ हे अफगाणिस्तानच्या डोमेनचं शेपूट आहे. एरिन शेफर्ड, म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीपबच्या लेखकांपैकीच एक, हा सर्व्हर चालवत होत्या. तालिबान सत्तेवर आल्यावर धोका दिसत होता आणि सर्व्हर आवरायचं ठरलंही होतं, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारने त्याआधीच डोमेन काढून घेतलं. सर्व्हरच्या नावाचं शेपूट कुठल्या देशाचं आहे हे आता मी नेहमी बघते.

मुदत मिळाली तर मास्टोडॉनमध्ये दुसऱ्या सर्व्हरवर घर हलवता येतं. फॉलो करणारे आपोआप नव्या अकाउंटकडे येतात. जुन्या पोस्ट येत नाहीत. तुम्ही कोणाला फॉलो करता, कोणाला ब्लॉक केलंय, याच्या याद्या उतरवून नव्या जागी चढवता येतात. त्या याद्या आजच उतरवून ठेवा. सगळ्या पोस्टचा संग्रहही मागवता येतो, दर सात दिवसांनी एकदा.

नाव बदललं. जुनं नाव पूर्ण पुसता येईल का?

या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना उशिरा कळतं, म्हणून जरा सविस्तर.

मास्टोडॉनवर दोन नावं असतात. वर दिसणारं नाव कधीही, कितीदाही बदलता येतं. हँडल, म्हणजे @ नंतरचं नाव, मात्र कधीच बदलता येत नाही. कोणी जुन्या नावाने हँडल घेतलं असेल तर एकच मार्ग, नवं अकाउंट. पण इथेच गोम आहे. 'घर हलवा' ही सोय वापरली की जुन्या पानावर नव्या अकाउंटची पाटी लागते. म्हणजे जुनं नाव माहीत असणारा कोणीही दोन पावलांत तुमच्यापर्यंत पोहोचतो. ज्यांच्यापासून लपायची गरज नाही त्यांनी खुशाल हलवावं. ज्यांना आहे त्यांनी नवं अकाउंट शून्यातून उघडावं, फॉलो करायच्या लोकांची यादी तेवढी घ्यावी, आणि विश्वासाच्या माणसांना स्वतः निरोप द्यावा. फॉलोअर कमी होतील. तो तोटा मोठा नाही.

जुनं अकाउंट काढून टाकल्यावर तुमचा सर्व्हर बाकी सर्व्हरना 'हे पुसा' असा निरोप पाठवतो. बहुतेक पुसतात. बंद पडलेला किंवा वाईट हेतूचा सर्व्हर पुसेलच असं नाही.

ब्लूस्कायवर हँडल बदलणं अगदी सोपं आहे आणि त्यामुळेच लोक फसतात. तिथे खरी ओळख हँडल नसून एक कायमचा क्रमांक असते, आणि त्या क्रमांकाला कधी कुठलं हँडल जोडलं होतं याची नोंद सार्वजनिक वहीत राहते. शोधणाऱ्याला जुनं हँडल तिथे सापडतं. तिथे तुमच्या ब्लॉकच्या याद्याही सार्वजनिक असतात. म्हणून ब्लूस्कायवर जुन्या नावाचं हँडल असेल तर ते बदलत बसू नका, नवं अकाउंट काढा. मॅट्रिक्सवरही आयडी बदलत नाही.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांसाठी: गिटमधल्या जुन्या कमिटवर जुनं नाव तसंच राहतं. मेलमॅप नावाची फाइल टाकली की यादीत नवं नाव दिसू लागतं, पण त्या फाइलमध्येच जुनं नावही लिहावं लागू शकतं. ईमेलमध्येच जुनं नाव नसेल तर नुसत्या ईमेलवरून जोडणी करा, म्हणजे जुनं नाव लिहावं लागत नाही.

पहिलं हँडल घेतानाच ते कुठल्याही लिंगाचं नसलेलं घ्या, असं मी सगळ्यांना सांगते. झाडाचं घ्या, गावाच्या ओढ्याचं घ्या.

मराठीत लिहायचं तर पहिल्याच वाक्यात लिंग कळतं. काय करू?

'गेलो' लिहा नाहीतर 'गेले' लिहा, मराठी तुम्हाला लपू देत नाही. ज्यांना आपलं 'गेले' पहिल्यांदा लिहून बघायचं आहे त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी 'आज खूप दमले' एवढंच लिहायचं, आणि खाली कोणीतरी 'झोप आता, बाई' म्हणायचं. मी हे घडताना पाहिलंय, आणि त्या एका ओळीसाठी हे सगळे सर्व्हर चालवण्यात अर्थ आहे.

पण दोन अकाउंट असतील, एक घरच्यांना माहीत असलेलं आणि एक आपलं, तर घसरण्याची भीती असते. घरच्या अकाउंटवर चुकून 'आले' लिहिलं जातं. त्यावर भाषेतच उपाय आहे. 'मला वाटतं', 'मला आवडलं', 'मी वाचलं', 'मी उद्या येईन', 'मी जाणार आहे', यातल्या कशातच लिंग दिसत नाही. जिथे उघड व्हायचं नाही तिथे अशाच वाक्यांची सवय लावा. स्वतःला स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्यांनाही हीच वाक्यं कामी येतात.

दुसऱ्याबद्दल लिहिताना खात्री नसेल तर 'त्यांनी सांगितलं', 'त्यांचं म्हणणं', 'त्यांना' असं लिहा. आदरही राहतो आणि चूकही होत नाही. प्रोफाइलमध्ये इंग्रजी सर्वनामं टाकलीत तरी मराठी वाचणाऱ्याला क्रियापद कसं लावायचं ते कळत नाही. सरळ लिहा: 'मला ती म्हणा' किंवा 'मी आलो-गेलो असं बोलतो'.

घरच्यांना कळेल का?

मास्टोडॉन साधारणपणे फोन नंबर मागत नाही आणि तुमची संपर्कयादी चाळून 'हे तुमच्या ओळखीचे' असं मामाला सुचवत नाही. हा फार मोठा दिलासा आहे. वेगळा ईमेल काढा, घरच्या सामायिक फोनवर नोटिफिकेशन बंद ठेवा. इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो इथे टाकू नका, कारण फोटोवरून शोधणाऱ्याला तो लगेच सापडतो. खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, कॉलेजच्या ओळखपत्राची दोरी, गणपतीच्या मंडळाचा फलक, यांवरून माणसं ओळखू येतात.

खासगी मेसेज खरंच खासगी असतात का?

मास्टोडॉनवर नाही. तुमच्या आणि समोरच्याच्या सर्व्हरचा अ‍ॅडमिन ठरवलं तर ते वाचू शकतो. शिवाय मेसेजमध्ये तिसऱ्याचं हँडल @ लावून लिहिलंत तर तो मेसेज त्यालाही जातो. अमक्याबद्दल तक्रार करताना त्याचं हँडल तसं लिहू नका! नाजूक बोलणं सिग्नल अ‍ॅपवर किंवा मॅट्रिक्सच्या एन्क्रिप्शन (मधल्या कोणाला वाचता न येणारी कुलूपबंद सोय) चालू असलेल्या खोलीत करा.

तिथे हार्मोन्सबद्दल बरीच माहिती मिळते. त्यावर औषध सुरू करू का?

माहिती घ्या, डोस घेऊ नका. पुणे आणि कल्याणची ट्रान्स लोकांसाठीची मित्र क्लिनिक अमेरिकेची मदत थांबल्यावर २०२५ च्या सुरुवातीला बंद पडली, तेव्हा किती जणींचा आधार गेला हे मला ठाऊक आहे. डॉक्टर मिळत नाही, मिळाला तर नीट बोलत नाही, पैसे नाहीत. म्हणून इंटरनेटवरून औषध सुरू करणाऱ्यांना मी ओरडत नाही. पण स्पायरोनोलॅक्टोन या टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या औषधाने रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. एस्ट्रोजेनने गुठळ्या होऊ शकतात, विशेषतः सिगारेट ओढणाऱ्यांत. सायप्रोटेरोन हे तसंच दुसरं औषध मोठ्या डोसमध्ये दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणातल्या मेनिंजिओमा या गाठीचा धोका वाढतो. कॅनडातल्या मैत्रिणीला चाललेला डोस तुमच्या मूत्रपिंडाला चालेल असं नाही. सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने रक्ततपासणी हवीच. ऑनलाइन मैत्रिणींना गोळी विचारण्यापेक्षा माणसासारखं वागवणारा डॉक्टर विचारा. त्या उत्तराचा फायदा जास्त.

माझं मूल मुलगा म्हणून वाढलं, आता स्वतःला मुलगी म्हणतं आणि रात्ररात्र या मास्टोडॉनवर असतं. मी काय करू?

ताई, फोन काढून घेऊ नका. दिवसभर ज्या नावाने तिला कोणी हाक मारत नाही ते नाव तिला रात्री तिथे ऐकू येतं. तुम्ही ते नाव घरात एकदा घेऊन बघा. रात्रीचे तास कमी होतील असं मी वचन देत नाही, पण ती तुमच्याशी बोलेल, आणि बोलत असेल तर तिथे कोणी त्रास देतंय का हेही तुम्हाला कळेल. काळजी करायची ती अशी: एखादं मोठं माणूस तिला सगळ्यांपासून तोडून एकट्याशीच बोलायला लावतंय का, फोटो मागतंय का, 'आईला सांगू नकोस' म्हणतंय का. ती फार खचलेली वाटली तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

कोणी धमकी दिली, फोटो पसरवायची भीती घातली तर?

आधी स्क्रीनशॉट आणि पोस्टची लिंक जपा, मग ब्लॉक करा. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी थांबत नाही. आपल्या मॉडरेटरला रिपोर्ट करा. रिपोर्ट समोरच्या सर्व्हरलाही पाठवायचा का, असं मास्टोडॉन विचारतो. तो सर्व्हरच द्वेष करणाऱ्यांचा असेल तर पाठवू नका, कारण तुम्ही लिहिलेला मजकूर तिथल्या अ‍ॅडमिनच्या हाती जातो. भारतात केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते, पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन. परवानगीशिवाय खासगी अवयवांचं चित्रण पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात एकट्याने जाऊ नका, एखादा वकील किंवा संस्थेचं माणूस सोबत न्या.

प्रत्येक पोस्टवर इशारा लावायचा का?

मास्टोडॉनवर मजकूर झाकून वर इशारा लिहायची सोय आहे. हिंसा, आत्महत्या, शस्त्रक्रियेचे फोटो यांवर जरूर लावा. पण 'मी ट्रान्स आहे' यावर इशारा लावायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. तुमचं असणं हा धक्कादायक मजकूर नाही.

मॉडरेटरना पैसे द्यावेत का?

जमत असेल तर द्या, महिन्याला चहाचे पैसे पुरेत. बहुतेक सर्व्हरवर हे काम फुकट होतं. दिवसभराची नोकरी संपल्यावर ही माणसं आपल्यासारख्यांवर ओकलेली घाण वाचत बसतात, तुम्हाला ती वाचावी लागू नये म्हणून. पैसे नसतील तर रिपोर्ट नीट लिहा. मराठी पोस्ट असेल तर तिचा अर्थ इंग्रजीत एका ओळीत द्या, शिवी असेल तर ती कोणाला आणि का लागते ते सांगा, आधीच्या पोस्ट जोडा. असा रिपोर्ट आला की निर्णय दोन मिनिटांत होतो.